ड्वेन लिंडग्रेनची सारवलेली टेस्टिंग रूम

“इथपासून कॅलिफोर्नियाच्या हद्दीपर्यंत माझ्यासारखी टेस्टिंग रूम कुणी दाखवली, तर मिशी उतरवून हातात देईन!”

हे वाक्य ड्वेन लिंडग्रेनने त्या उन्हाळ्यात बियाण्यांच्या दुकानात म्हटलं, पोस्टाच्या रांगेत म्हटलं, चर्चच्या पायऱ्यांवर म्हटलं आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे, तोंडात दोन हत्यारं असताना म्हटलं. डॉक्टरला नीट कळलं नाही, म्हणून चूळ भरून पुन्हा म्हटलं! तेव्हा त्या टेस्टिंग रूमचा, म्हणजे गिऱ्हाइकांना वाइन चाखवायच्या खोलीचा, पायासुद्धा खणलेला नव्हता. पण असल्या किरकोळ अडचणीने ड्वेन कधीच थांबला नाही.

ओरेगॉनच्या विलमेट खोऱ्यात हल्ली चांगली वाइन करणं हे दुय्यम काम झालंय. वाइन काय, सगळेच करतात. खरी चढाओढ असते ती आपण पृथ्वीला किती कमी त्रास देतो, हे गिऱ्हाइकाला दाखवण्याची. पलीकडच्या टेकडीवरच्या प्रेस्टन येट्सने आपल्या टेस्टिंग रूमच्या छपरावर गवत लावलं आणि ते खायला वर मेंढ्या सोडल्या. त्याच्या शेजारच्या बाईंनी उंदरांना औषध घालायला नको म्हणून बागेत घुबडांना घरटी बांधून दिली. एका पठ्ठ्याने तर गाड्या लावायला जागाच ठेवली नाही. लोकांनी म्हणे चालत यावं! आणि लोक चक्क चालत जातात, वर त्याचे आभार मानतात. ड्वेनकडे काय होतं? हेझलनट वाळवायची जुनी पत्र्याची शेड, दोन पिंपं आणि त्यांवर आडवी टाकलेली फळी. गिऱ्हाईक यायचं, बाथरूम वापरायचं, मेंढ्यांकडे जायचा रस्ता विचारायचं आणि निघून जायचं.

हे सगळं एकवेळ चाललं असतं, पण घरात नोरीन होती. ती टेकडी मूळची नोरीनच्या वडिलांची. त्यांच्या हेझलनटच्या झाडांना रोग लागला, बाग गेली आणि त्या जागी जावईबापूंनी पिनो न्वार जातीच्या द्राक्षाच्या वेली लावल्या. आठ वर्षं ड्वेनने त्या वेलींना पोटच्या पोरासारखं वाढवलं. वाइन वाईट नव्हती, उलट चांगलीच होती. पण ती चांगली आहे हे ठाऊक असलेला माणूस जगात एकच, आणि तो स्वतः ड्वेन! तळघरात खोकी छताला टेकली, तसा नोरीनचा धीर संपला.

“हे बघ ड्वेन,” ती जुलैतच म्हणाली, “नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या वीकएंडला सगळं खोरं दारं उघडून बसतं. तेव्हा हा माल हलला नाही, तर वसंतात वेली उपटायच्या आणि हेझलनट लावायचे. आता रोग न लागणारी रोपं मिळतात. मी नर्सरीत बोलून ठेवलंय.”

“अगं, वेली म्हणजे काय दाढी आहे का, वाटली की काढली?”

“दाढीने निदान तळघर तरी अडत नाही.”

ड्वेनला रात्रभर डोळ्यापुढे उपटलेल्या वेली दिसत होत्या. सकाळी उठून त्याने आर्किटेक्टला फोन केला.

आर्किटेक्ट कॅल्डर प्रुइट पोर्टलंडहून सायकलवर आला. म्हणजे सायकल गाडीच्या टपावर बांधून आला आणि शेवटच्या वळणावर गाडी झाडाआड लावून सायकलवर बसला. टेकडीवर उभं राहून त्याने डोळे मिटले, मूठभर माती हुंगली आणि विचारलं, “ड्वेन, भिंत म्हणजे काय?”

“छप्पर धरून ठेवते ती.”

“चूक! भिंत म्हणजे कातडी. भिंत श्वास घेते!”

“मग तिला सर्दीही होत असेल,” नोरीन म्हणाली.

कॅल्डरने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. त्याची योजना तयारच होती. सिमेंट नाही, हीटर नाही, एसी नाही. पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या जाडजूड भिंती आणि त्यांवर चिकणमाती, चिरलेला पेंढा आणि गाईचं ताजं शेण यांचा लेप. तुम्ही-आम्ही याला सारवण म्हणतो आणि त्यासाठी पोर्टलंडहून माणूस बोलावत नाही. पण कॅल्डर त्याला ‘शाश्वत जैविक आवरण’ म्हणत होता. ते ऐकूनच ड्वेनची छाती फुगली. प्रेस्टनच्या मेंढ्या फक्त छपरावर होत्या, इथे तर गाय थेट भिंतीतच येणार होती!

“पण वास?” नोरीनने विचारलं.

“वाळल्यावर अजिबात नाही!” कॅल्डर म्हणाला. “माझी गॅरंटी!”

या वाक्यातला ‘वाळल्यावर’ हा शब्द कुणीच नीट ऐकला नाही.

शेणासाठी ड्वेन शेजारच्या गस झुमवॉल्टच्या गोठ्यावर गेला. गसला आधी ही थट्टाच वाटली. मग त्याच्या लक्षात आलं की माणूस गंभीर आहे, आणि तोही गंभीर झाला.

“ड्वेन्या, हे उचलून न्यायला आजवर मी लोकांना पैसे देत आलो. पण तू मागतोयस म्हणजे यात काहीतरी आहे. मग फुकट कसं देऊ?”

पुढचा महिनाभर ड्वेन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खड्ड्यात शेणमाती तुडवत होता. पायांनीच तुडवायचं, असं कॅल्डरचं म्हणणं. यंत्राने म्हणे लेपातला प्राण जातो. स्वतः कॅल्डर काठावर उभा राहून “लय पकड, ड्वेन, लय!” म्हणायचा. त्या महिन्यात ड्वेनचं नाक हळूहळू शेणाला इतकं सरावलं, की नोरीन त्याचं ताट बाहेर ओट्यावर का ठेवते, हेही त्याला कळेनासं झालं.

भिंती सारवून झाल्या आणि ओरेगॉनचा पाऊस सुरू झाला. कॅल्डरच्या योजनेत खोली सूर्य तापवणार होता. दक्षिणेला या टोकापासून त्या टोकापर्यंत काच लावली होती. पण नोव्हेंबरात ओरेगॉनवर सूर्य असतो हे फक्त पुस्तकात वाचायला मिळतं. भिंती वाळेनात. आठवड्यानंतर बोट लावलं तर बोट आत जात होतं. आणि एका सकाळी ड्वेनने दार उघडलं, तर भिंती हिरव्या! पेंढ्यात राहिलेले ओटचे दाणे ओलीत रुजले होते आणि चारी बाजूंनी लुसलुशीत, बोटभर उंचीचं गवत आडवं उगवलं होतं!

ड्वेनने घाबरून कॅल्डरला बोलावलं. कॅल्डरच्या डोळ्यांत पाणी आलं.

“ड्वेन, ती जगतेय!”

“अरे, पण पाहुणे यायचेत! हे कापायला नको?”

“खबरदार कात्री लावलीस तर!”

कॅल्डरची पाठ वळताच ड्वेनने दाढीचं मशीन आणलं आणि अख्ख्या खोलीची दाढी केली. दोन दिवसांत खुंट पुन्हा वर आले. मग रोज सकाळी आधी भिंतींची आणि मग स्वतःची, असा क्रमच ठरून गेला.

एवढ्यात बातमी आली, की हेन्रिएटा स्लोकम येणार! साक्षात वाइन-समीक्षक हेन्रिएटा स्लोकम, जिने नाक मुरडलं की तळघरं ओस पडतात आणि जिने मान डोलावली की दुसऱ्या दिवशी एक बाटली शिल्लक राहत नाही. ती थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी येऊन नवी वास्तू बघणार होती आणि वाइन चाखणार होती. ड्वेनला वेली वाचलेल्या दिसू लागल्या. तालीम म्हणून त्याने एक बाटली फोडली, नव्या खोलीत मधोमध बसला, ग्लास फिरवला, नाक आत खुपसलं आणि छाती भरून श्वास घेतला.

गोठा!

ड्वेनचा चेहरा पांढराफटक पडला. वाइनवाल्यांच्या जगात याहून भीतीदायक दुसरं काही नाही. पिंपात एक चिवट जातीचं यीस्ट घुसतं आणि सगळ्या वाइनला गोठ्याचा वास मारू लागतो. वास अगदी जरासा असला तर जाणकार त्याला व्यक्तिमत्त्व म्हणतात, जास्त असला तर रोग. ड्वेनच्या ग्लासात तर गसच्या सगळ्या गाई एकदम उभ्या होत्या! त्याने दुसरी बाटली आणली. गोठा! तिसरी, चौथी, आधीच्या वर्षाची, त्याच्याही आधीच्या वर्षाची. गोठा, गोठा, गोठा! प्रत्येक बाटली तो तळघरातून उचलून इमानेइतबारे त्याच खोलीत आणत होता, कारण काय, तर इथला उजेड वाइनला मानवतो असं कॅल्डरने सांगितलं होतं. आठ वर्षांची मेहनत नासली, असं वाटून तो गडी ढसाढसा रडला.

रडून झाल्यावर खात्री करण्यासाठी त्याने गावातून प्रेस्टन येट्सची बाटली विकत आणली. त्याच खोलीत बसून फोडली. हुंगली. तिलाही गोठा!

ड्वेनने डोळे पुसले. म्हणजे रोग एकट्या त्याला नव्हता. अख्खं खोरं नासलं होतं! माणसाचं मन मोठं विचित्र असतं, त्याला एकदम बरं वाटलं. आवाजात शक्य तेवढं दुःख आणून त्याने प्रेस्टनला फोन लावला.

“प्रेस्टन, खाली बस. तुझी वाइन गेली रे!”

“गेली? कुठे गेली?”

“रोग लागलाय. मी आत्ताच हुंगली. धीर धर. मेंढ्या आहेत ना तुला? त्यांच्यावर दिवस काढता येतील.”

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि धावत्या पावलांचा. नेमकी तेव्हाच नोरीन नाकाला ॲप्रन लावून दारात आली.

“ड्वेन, या भिंतींना किती घाण वास येतोय! तू इथे बसतोस तरी कसा?”

ड्वेनने भिंतीकडे पाहिलं. ग्लासाकडे पाहिलं. मग उठून पावसात गेला आणि त्याच ग्लासातली वाइन अंगणात उभं राहून हुंगली. लालबुंद चेरी, ओलं लाकूड आणि किंचित मिरी. शेणाचा मागमूस नाही! हातातल्या फोनमधून धापा टाकणाऱ्या प्रेस्टनचा आवाज येत होता, “ड्वेन! मी सगळी पिंपं बघून आलो, काही झालेलं नाही! अरे हलकटा, तू कुठे बसून हुंगलीस?” ड्वेनने हळूच फोन बंद केला.

“बाईंना शेडमध्ये बसवू या,” नोरीन म्हणाली.

“शेडमध्ये?” तेवढ्यात येऊन ठेपलेला कॅल्डर किंचाळला. “हेन्रिएटा स्लोकमला पत्र्यात? त्या माझी वास्तू बघायला येताहेत! आणि वासबिस काही नाही. तुमच्या मनाचे खेळ आहेत!”

अखेर दिवस उजाडला. हेन्रिएटाबाई आल्या. उंच, किडकिडीत, आणि नाक असं की आधी ते आत आलं आणि मग त्या. खोलीत इतका गारठा होता, की बाईंच्या हातातला ग्लास कापायला लागला. नोरीनने मुकाट्याने गोदामातला रॉकेलचा हीटर आणून पेटवला. कॅल्डरने “ज्वलन! माझ्या वास्तूत ज्वलन!” म्हणून छातीवर हात मारला. पण खरा धोका दुसराच होता. ओलं शेण तापलं, भिंती वाफाळल्या आणि खोलीत असा काही परिमळ सुटला, की बाईंच्या सोबत आलेला ड्रायव्हर न सांगता बाहेर जाऊन पावसात उभा राहिला.

बाईंनी ग्लास नाकाशी नेला. डोळे मिटले. उघडेनात. ड्वेनला आता आपल्या वेलींची मुळं तुटल्याचा आवाजही ऐकू येत होता.

“शेवटी!” बाई म्हणाल्या. “शेवटी कुणीतरी हिंमत केली! इतकी वर्षं या खोऱ्यात मी धुऊन पुसून ठेवलेल्या वाइन पीत आले. ही पहिलीच, जिला स्वतःची जमीन आहे. ओली माती! गवत! आणि गोठा! केवढा प्रामाणिक गोठा!”

ड्वेनने नोरीनकडे पाहिलं. नोरीनने जमिनीकडे पाहिलं. ड्वेनला गप्प बसता आलं असतं. शहाण्याने तेच केलं असतं. पण आठ वर्षं ज्या वाइनसाठी जिवाचं रान केलं तिच्यात आपल्यादेखत कुणी शेण काढावं आणि वर त्याचं कौतुक करावं, हे काही त्याला सहन होईना.

“मॅडम,” तो म्हणाला, “गोठा वाइनमध्ये नाही. तो भिंतीत आहे.”

“काय?”

“भिंतीला शेण लावलंय. गसच्या गाईंचं. तुम्ही जरा अंगणात चला, तिथे नुसती चेरी येते बघा, आईशप्पथ!”

बाई ताठ झाल्या. ग्लास ठेवून त्या भिंतीपाशी गेल्या. भिंतीला नाक टेकवलं. सकाळी तासलेले ओटचे खुंट नाकाला टोचले तरी मागे हटल्या नाहीत. दीर्घ श्वास घेतला आणि वळून म्हणाल्या, “या भिंतीला कसलाही वास नाही.”

“मी हेच सांगतोय केव्हापासून!” कॅल्डर ओरडला.

“मिस्टर लिंडग्रेन, तीस वर्षांत माझं नाक एकदाही चुकलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “विनय चांगला असतो, पण कलावंताने आपल्या कलाकृतीचं श्रेय भिंतीला देऊ नये.”

“अहो, पण…”

नोरीनने त्याच्या पायावर पाय दिला. चांगला टाच रोवून दिला.

त्याच संध्याकाळी बाईंचा लेख जगभर गेला आणि शंभरात पंच्याण्णव गुण मिळाले. शुक्रवारी सकाळी टेकडीखाली महामार्गापर्यंत गाड्या! माणसं आत येत, पहिल्या श्वासाला गपकन थांबत, एकमेकांकडे बघत आणि मग, पंच्याण्णव गुण आठवून, हळूच मान डोलावत. “वा! किती धीट!” “शेवटी जरा घोडाही लागतो, नाही?” एक गृहस्थ तर म्हणाले, की ही वाइन डाव्या कोपऱ्यात जास्त खुलते. त्या कोपऱ्यात भिंत सगळ्यात ओली होती! रविवारी तळघरात फक्त झाडू मारायचा उरला. नोरीनने नर्सरीला फोन करून रोपं नकोत म्हणून सांगितलं आणि ड्वेन घरामागे जाऊन एका वेलीला मिठी मारून आला.

जानेवारीत तक्रारी सुरू झाल्या. ‘घरी बाटली उघडली. वाइन ठीक आहे, पण तो वास नाही. आमची फसवणूक झाली आहे काय?’ ड्वेन पुन्हा खरं सांगायला निघाला होता, पण कॅल्डरने त्याच्याआधी उत्तर पाठवून दिलं: ही वाइन प्रवासाला नाजूक आहे, ती तिच्या जन्मभूमीतच प्यावी. झालं! पिंपांतली पुढची वाइन बाटल्यांत भरताच लोक परत यायला लागले, सोबत मित्रांना घेऊन.

पण एप्रिलमध्ये ऊन पडलं आणि कॅल्डरची गॅरंटी अखेर खरी ठरली. भिंती कडकडीत वाळल्या. वास गेला. पाहुणे ग्लासात नाक घालून गोंधळल्यासारखे बसू लागले. “यंदाची जरा साधी वाटते,” ते कुजबुजत. आणि मे महिन्यात हेन्रिएटा स्लोकम पुन्हा येणार होत्या!

ड्वेन निमूट गसच्या गोठ्यावर गेला. गस आता पूर्वीचा गस राहिला नव्हता. त्याने पाटीतून चिमूटभर घेतलं, उजेडात धरलं, बोटांवर चोळलं.

“हे कोवळ्या गवतावरचं. चपळ आहे, पण टिकत नाही. तुला दमदार पाहिजे असेल तर हिवाळ्यातलं घे, सुक्या चाऱ्यावरचं. पण थोडंच राहिलंय. प्रेस्टन येट्सने बाकी सगळं राखून ठेवायला सांगितलंय.”

“प्रेस्टनने?”

“पाडतोय ना तो जुनी टेस्टिंग रूम! तुझाच तो आर्किटेक्ट येतो सायकलवर.”

दिवसभर खड्ड्यात तुडवून ड्वेन घरी आला तेव्हा पार गळून गेला होता. पाय तीनदा साबणाने धुऊन तो स्वयंपाकघरात बसला आणि एक बाटली उघडली. नोरीन बटाटे सोलत होती. हात पुसून तिने त्याच्या ग्लासातून एक घोट घेतला. मग आणखी एक. मग खुर्ची ओढून शेजारीच बसली.

“ड्वेन,” ती म्हणाली, “ही किती सुरेख झालीय रे! चेरी, आणि मागून थोडी मिरी. एवढी चांगली वाइन मी आयुष्यात प्यायले नाही.”

आठ वर्षं ड्वेन ज्या वाक्याची वाट बघत होता ते हेच, आणि जिच्याकडून हवं होतं तीही हीच. त्याने नुसता तिचा हात धरला.

नोरीनने खिडकीतून बाहेर नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

“पण हे बाहेर कुठे बोलू नकोस हं. आपलं दिवाळं निघेल.”